धोंड्याच्या ताटातलं दूध

राहुरीच्या पुढं, कालव्याच्या कडेला असलेल्या एका गावातलं दूध संकलन केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, वजनकाटा, फॅट काढायचं मशीन आणि काकासाहेब. मशीन नंतर आलं. ते आकडे छापून देतं, पण बायाबाप्ये अजूनही किटली आधी काकासाहेबासमोर धरतात. झाकण उघडलं की तो वाकून वास घेतो, मग तळहातावर चार थेंब घेऊन अंगठ्यानं चोळतो आणि हात पुन्हा नाकाशी नेतो. दूध चांगलं असलं तर एकच शब्द बोलतो, ‘वत.’ किटली मोठ्या कॅनमध्ये रिकामी होते. दुधात काही असलं तर तो बोलतच नाही. झाकण लावतो आणि किटली पायानं बाजूला सरकवतो. त्या सरकवण्याला लोक भांडणापेक्षा जास्त भितात.

गाय मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, खाऊन आली की त्याला कळतं. पाणी घातलेलं कळतं, आणि ते पाणी कालव्याचं की बोअरचं हेही कळतं, असं गाव म्हणतं. तो स्वतः असं कधी म्हणाला नाही. गाव म्हणत असताना त्यानं अडवलंही नाही.

संध्याकाळचं दूध टेम्पोत चढलं, टेम्पो ते उतरवून परत आला, की तो प्यायला बसायचा. टेम्पो वाल्मिकचा. दोघं शाळेपासूनचे सोबती. शेडच्या मागं दोन कॅन उलटे ठेवून बसायचे आणि फार काही बोलायचेही नाहीत. काकासाहेब पिऊन कधी रस्त्यात पडला नाही, कुणावर हात टाकला नाही. घरी यायचा, भाकरी गार आहे की गरम हे न कळता जेवायचा, झोपायचा. त्यामुळं त्याला कुणी दारुडा म्हणत नव्हतं. त्याची बायको विजया तर काहीच म्हणत नव्हती. तिच्यासमोर त्यानं एकदा माळ घातली होती, एकदा खंडोबाचा भंडारा उचलला होता, एकदा निकिताच्या, त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, डोक्यावर हात ठेवला होता. प्रत्येक शपथ त्या दिवसापुरती खरी होती.

मग कडूबाईच्या दुधाचं झालं. कडूबाई म्हातारी, एकटी, दावणीला एक गाय. त्या सकाळी काकासाहेबानं तिच्या किटलीवर वाकून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि किटली पायानं सरकवली. म्हातारी जागची हलली नाही.

“काय घातलंय म्हनतोस त्यात?”

“घातलंय कायतरी, मावशे. आंबूस वास येतोय.”

“आसं? जरा पुढं ये बरं.” ती त्याच्या तोंडाजवळ गेली, हुंगल्यासारखं केलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दुधाला न्हाई येत, लेकरा. तुझ्या तोंडाला येतोय.”

रांग हसली. मशीनवर लावलं तर दूध निर्मळ निघालं. तो ‘वत’ म्हणाला, पण त्या दिवशी पुढच्या प्रत्येक किटलीवर वाकताना त्याला फक्त स्वतःचाच वास येत राहिला.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. एकाला एक लागून दोन श्रावण. आषाढी अवसेला, म्हणजे गटारीला, शेडच्या मागं बसल्यावर वाल्मिक खुशीत होता.

“औंदा दोन श्रावन, काक्या. म्हंजे दोन गटाऱ्या. देवाला बी आपली काळजी हाय.”

“मी उद्यापास्नं सोडतोय.”

“उद्याचा अधिक हाय. ह्यो धरत न्हाईत. खरा श्रावन पुढं हाय, तवा सोड की.”

“माझा ह्योच.”

वाल्मिकनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग ग्लास झाडून कॅनवर पालथा घातला. “मग मी बी. तू नसल्यावर मी काय कॅनसंगं बोलत बसू?”

पिणाऱ्या माणसाला संध्याकाळ माहीत नसते. त्याला फक्त तिचं दार माहीत असतं. तो त्यातून आत शिरतो आणि एकदम सकाळच्या बाजूनं बाहेर पडतो. काकासाहेबाला पहिल्यांदा कळलं की संध्याकाळला लांबीरुंदी आहे. गुरं आत बांधून होतात, शेजारची मालिका सुरू होते, संपते, निकिता मोठ्यानं काही पाठ करते, थांबते, आणि तरी अजून जेवायची वेळ झालेली नसते. त्या पहिल्या दिवसांत त्याचा हात कापायचा. तळहातावरचं दूध मनगटावर ओघळायचं. अंगाला घाम आणि त्या घामाला जुन्या दारूचा वास, म्हणजे पिणं थांबलं तरी दारू अजून आतून बाहेर येत होती. झोप यायची ती तुकड्यातुकड्यानं. तोंडाला सारखं काहीतरी गोड लागायचं. तो डब्यातला गूळ चोरून खायचा आणि विजया डबा पुन्हा भरून ठेवायची.

एका सकाळी तो चहा तोंडाला लावताना थांबला.

“कसला वास येतोय गं चहाला? कायतरी कडसर. झाडाची वली साल असती तसा.”

“नवीन पावडर आनलीय,” विजया चुलीकडं तोंड करून म्हणाली. “दुकानदार म्हनला, कडक हाय. नगं का?”

“आसू दे. वाईट न्हाई.”

आणि नंतर एके दिवशी नवल घडलं. केंद्रावर एक जण सकाळीच पिऊन आला होता. त्याच्या श्वासाचा वास नाकात गेला आणि काकासाहेबाच्या पोटात असं काही ढवळलं की त्याला शेडबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. ओकारी झाली नाही, पण तोंडात कडू पाणी आलं. तो कडुलिंबाला हात टेकून उभा होता आणि त्याला हसू येत होतं. ज्याच्या वासानं पाय ओढले जायचे, त्याच वासानं आता पोट उलटत होतं. हे आपल्यात झालं. आपण केलं.

त्यानंतर नाक परत आलं. ते हळूहळू आलं नाही, दार लोटून आलं. ओल्या पोत्याचा वास, बोअरच्या पाण्यातल्या लोखंडाचा, कालव्याच्या शेवाळाचा, निकिताच्या वेणीतल्या तेलाचा. कडूबाईच्या किटलीवर वाकून तो म्हणाला, “मावशे, तुझ्या गाईनं काल कांद्याची पात खाल्ली.” म्हातारीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. “आला का रं माघारी?”

त्यानं हे घरी येऊन विजयाला सांगितलं. पुन्हा सांगितलं. “आतून इच्छाच गेली गं. मन पक्कं झालं की आसं आसतं.” विजया तांदूळ निवडत होती. “चांगलं झालं की,” ती म्हणाली आणि नसलेला खडा शोधत राहिली.

वाल्मिकचं मात्र तसं झालं नाही. त्याचा हात कापायचा थांबलाच नाही. तो चिडायचा, टेम्पो चुकीच्या गिअरमध्ये ओढायचा, रोज संध्याकाळी शेडमागं येऊन काकासाहेबाजवळ नुसता बसायचा आणि विचारायचा, “तुला आता बी न्हाई वाटत? खरं सांग. एक घोट बी न्हाई?”

“न्हाई.”

“मंग मलाच का रं?”

अर्धा महिना सरला असेल नसेल, वाल्मिक पिऊन केंद्रावर आला. सकाळच्या रांगेसमोर. काकासाहेबाला त्याच्या वासानं मळमळलं, आणि त्या मळमळीनं त्याला जो अधिकार दिला, तो त्यानं पुरता वापरला.

“मन नसलं की मान्साची वैरन हुती,” तो म्हणाला. “कुनी बी यावं आन खावं.” आणि ज्या पायानं तो किटली सरकवायचा, त्याच पायानं त्यानं वाल्मिकच्या पुढ्यातला रिकामा कॅन बाजूला सारला.

वाल्मिक वळला. कॅन उचलून टेम्पोत ठेवले आणि निघून गेला. त्यानंतर शेडमागं तो आला नाही.

अधिक महिन्याचा सप्ताह देवळात बसला होता. कीर्तन संपल्यावर महाराजांनी काकासाहेबाला उभं केलं, गळ्यात हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. दुधापलीकडं तो कधी चारचौघांत बोलला नव्हता. माईक हातात धरून तो म्हणाला, “औषीद न्हाई, दवाखाना न्हाई. नुसतं मन.” पुरुषांकडून टाळ्या आल्या. बायकांच्या बाजूला काही जणींनी पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं, गहिवरल्या.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला सासरी बोलावून धोंडे, म्हणजे पुरण भरून उकडलेले उंडे, जेवू घालायचे. त्या दिवशी जावई म्हणजे विष्णू. विजयाचं माहेर पारनेर तालुक्यात. महिना सरता सरता दोघं मोटारसायकलवर तिथं गेली. सासू बनुबाईनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी, समोर समई. मेव्हण्यानं, सुहासनं, पाय धुतले. बनुबाईनं कुंकू लावलं, ओवाळलं, अनारशांचं ताट त्यावर दिवा ठेवून हातात दिलं. काकासाहेब इतकी वर्षं या घरात यायचा तेव्हा सुहास त्याच्या तोंडाचा वास घेऊन बाजूला व्हायचा. आज तो अंगाला अंग लावून पंगतीत बसला होता.

“दाजी, तुमी तर हीरो झालात. आमच्या गावापर्यंत नाव आलं.”

“नाव कसलं,” काकासाहेब म्हणाला, पण त्याला बरं वाटलं.

ताटात धोंडे आले, त्यावर तूप, शेजारी वाटीभर गरम दूध. विजया आत धाकट्या भावजयीला हाताशी धरून वाढायचं बघत होती. काकासाहेबानं वाटी उचलली आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, ती आधी नाकाशी नेली.

ओली साल. कडसर.

तो थांबला. पुन्हा वास घेतला. त्याच्या घरातल्या चहाचा वास होता तो. नव्या पावडरीचा. पण हे दूध होतं. यात चहा कुठं होता?

त्यानं वाटीत बोट बुडवलं, तळहातावर चार थेंब घेतले, अंगठ्यानं चोळले. विष्णूच्या पाटावर बसलेला जावई दूध तपासतोय हे बघून सुहास हसला. “दाजी, डेअरी बंद हाय आज!”

“आत्या,” काकासाहेब म्हणाला, “ह्या दुधात काय हाय?”

बनुबाई दारात तुपाची तपेली घेऊन उभी होती. साधी बाई. तिला वाटलं, आपल्याच हातानं काही चुकलं. “जास्ती पडलं का वो, जावईबापू? विजीनं चिमूटभरच सांगितलं हुतं. माझा हात म्हातारा, नीट अंदाज न्हाई येत.”

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. विजया दारात आली. तिच्या तोंडाकडं बघून त्याला पुढचं विचारायची गरज राहिली नाही. सुहास ताटाकडं बघत होता. भावजय जमिनीकडं बघत होती. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. फक्त ज्याच्या पोटात ते महिनाभर जात होतं, त्याला माहीत नव्हतं.

“आये, तुला गप बसता येत न्हाई का गं,” विजया म्हणाली.

जावयानं धोंड्याचं ताट टाकून उठायचं नसतं. काकासाहेबानं वाटी तोंडाला लावली आणि विजयाकडं बघत सगळं दूध प्यायला. मग धोंडेही खाल्ले.

परतीच्या वाटेवर विजया मागं बसली होती, मांडीवर अनारशांचं ताट घेऊन. नगर गेलं, विळदचा घाट गेला. घाटात त्यानं गाडी कडेला घेतली आणि उतरला. तिलाही उतरावं लागलं.

“कुठनं आनलं?”

“आयेच्या शेजारच्या गावात अवसेला दारू सोडवायची पूड देत्यात. कुनाला न सांगता द्यायचं आसतं.”

“कवापास्नं?”

“तुमी सोडली तवापास्नं.”

“मी सोडली कुठं मग? तू सोडवली.”

“तेच झालं की.”

“तेच न्हाई!” तो ओरडला. ट्रक गेला आणि त्याचा आवाज ट्रकखाली गेला. “मी हार घालून घेतला, विजे. माईकवर बोललो. आन तू खाली बसून ऐकत हुतीस.”

“व्हय. ऐकत हुते.” तिनं ताट छातीशी धरलं. “माळ घातली तवा बी ऐकलं. भंडारा उचलला तवा बी ऐकलं. पोरीच्या डोस्क्यावर हात ठेवलात, त्या दिवशी मी अंगनातल्या अंगनात नाचले हुते. आठवतं का, त्यापुढं किती दिस गेले? तुमच्या शबुदावर ऱ्हाऊन ऱ्हाऊन मी थकले. म्हनून चिमटीवर ऱ्हायले.”

“एक म्हैना वाट बघायची हुतीस.”

“तुमच्यासाठी सोपा हाय म्हैना. तुमच्या घरात मी ऱ्हाते.”

त्याला आठवत होता तो वास. त्या सकाळीच नाकानं सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. आयुष्यात कुणाच्या शब्दावर त्यानं एक किटली ओतून घेतली नव्हती, आणि जिथं नाक खरं ठरलं तिथं त्यानं नाकाचं न ऐकता तिचं ऐकलं. तेवढ्या एकाच ठिकाणी त्यानं तपासणी सोडली होती.

घरी निकिता अभ्यासाला बसली होती. त्यानं अनारसे तिच्यापुढं ठेवले.

“तुला म्हाईत हुतं?”

तिनं आईकडं बघितलं. “पप्पा, तुम्ही खुश होतात. कसं सांगणार?”

“मी केंद्रावर गेल्यावर चहा कोन द्यायचं? तूच यायचीस ना थर्मास घिऊन?”

ती रडायला लागली. तो तिला गप्प करायला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी, शेवटची किटली ओतली गेल्यावर, तो वाल्मिकच्या घरी गेला. वाल्मिक अंगणात टेम्पोचं चाक खोलून बसला होता. दारातून त्याची बायको दिपाली काकासाहेबाला बघून आत सरकली, आणि काकासाहेबाला वाटलं, हिलाही माहीत असणार.

“वैरनीकडं काय काम काढलं?” वाल्मिक मान वर न करता म्हणाला.

काकासाहेबानं सगळं सांगितलं. ताट, वाटी, वास. वाल्मिकचा पाना हातात तसाच राहिला. मग तो हसायला लागला. पोट धरून हसला. आणि हसता हसता त्याचं तोंड बदललं.

“म्हंजे मी जे दिस काढले ना, काक्या, ते निखळ काढले. काय मिसळल्याबिगर.”

“व्हय.”

“आन तू मला रांगेत उभा करून...”

“व्हय.”

“मला वाटलं, माझ्यातच खोट हाय. ह्याला जमतंय आन मला न्हाई. म्हनून तर प्यालो त्या दिशी.” त्यानं पाना मातीत टाकला. “तुझ्या बायकूनं तुला फसवलं. तू मला.”

“मला कुठं म्हाईत हुतं?”

“फसलेल्याला काय फरक पडतो?”

वाल्मिक उठला, टेम्पोच्या सीटखाली हात घालून बाटली काढली आणि झाकण उघडून त्याच्यापुढं धरली. “घे. आता कळंल कोनाचं मन हाय ते.”

काकासाहेबानं वास घेतला. पोट ढवळलं. पण ते पोट त्याचं होतं की विजयाच्या चिमटीचं, हे त्याला सांगता येईना. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या दुधात काय मिसळलंय ते सांगितलं होतं. स्वतःमध्ये काय मिसळलंय आणि त्यातलं आपलं किती, हे ओळखायला त्याच्याकडं नाक नव्हतं. त्यानं बाटली परत दिली.

“आज न्हाई कळायचं. अंगातनं जाऊ दे ते.”

“आन मंग?”

“मंग बघू. खरा श्रावन लागतोय.”

वाल्मिक त्याच्याकडं बघत राहिला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. खाली बसून चाक बसवायला लागला.

निज श्रावण लागला तेव्हा काकासाहेबानं चहाची नवी पुडी स्वतः आणली आणि फळीवर वेगळी ठेवली. पहिले काही दिवस कोरा चहा स्वतःच करून प्यायला. विजया चुलीपासून बाजूला उभी राहायची, पाहुण्याच्या घरात उभं राहावं तशी. गावाला कळलंच होतं. रांगेत कुणीतरी म्हणायचं, “काकासायेब, वहिनीनं आज काय घातलंय?” आणि रांग हसायची. तो किटलीवर वाकायचा.

मग एका संध्याकाळी, गुरं बांधत असताना, ती आली. तहान. आधीच्या महिन्यात ती आलीच नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं. आली ती जिभेच्या मुळातून, गुडघ्यांतून, जुन्या ओळखीच्या माणसासारखी. रस्त्यानं कुणीतरी पिऊन चाललं होतं. वास आला आणि पोट ढवळलं नाही. पाय हलले. त्यानं गव्हाणीचा दांडा धरला आणि अजून दावं न बांधलेल्या गाईजवळ तसाच उभा राहिला. कुणाची चिमूट मधे नव्हती. मदतीलाही नव्हती. आपण किती कमकुवत आहोत हे त्याला पहिल्यांदाच स्वच्छ दिसत होतं, आणि हे बघायला विजयानं त्याला कधी वेळच दिला नव्हता.

अंधार पडला तेव्हा दांडा सोडून तो घरात आला. शर्ट घामानं भिजला होता. विजयानं त्याच्याकडं बघितलं आणि ती घाबरली. तिला ते तोंड ओळखीचं होतं. ती जवळ आली, आणि न राहवून तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला.

तो तसाच उभा राहिला. घेऊ दिला.

ती मागं सरली. चुलीकडं गेली, फळीवरची त्याची पुडी काढली, चहा टाकला. काकासाहेब पाटावर बसला. तिनं पातेलं आणलं, पण कपात ओतलं नाही. पातेलं तिरपं धरून थांबली आणि मान खाली घालून म्हणाली, “बघून घ्या.”

त्यानं तळहात पुढं केला. तिनं चार थेंब टाकले. चटका बसला. त्यानं अंगठ्यानं चोळले, हात नाकाशी नेला आणि वेळ घेतला, कडूबाईच्या किटलीला घ्यायचा तेवढा. आत निकिताचं पाठांतर थांबलं होतं.

चहा, दूध, साखर. दुसरं काही नव्हतं.

विजयानं पातेलं तसंच तिरपं धरून ठेवलं होतं. तिला वाटत होतं, आता हा पायानं बाजूला सरकवेल.

“वत,” तो म्हणाला.

तिनं ओतला. त्यानं तिच्याकडं न बघता कप उचलला. उद्या सकाळी तो पुन्हा हात पुढं करणार होता, हे दोघांनाही माहीत होतं.